बंद पाकिटातली चाल

"बरोबरी घे, लेव्को. आणि कुणी विचारलं तर सांग, मास्तरांनी घ्यायला लावली."

मिरोन मास्तर हे बोलले त्याला बत्तीस वर्षं झाली. आज मास्तरांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. चर्चमधली प्रार्थना आटोपून ल्विवच्या बुद्धिबळ क्लबची मंडळी त्यांच्या घरी जेवायला बसली होती, आणि विषय पुन्हा त्याच डावावर आला होता.

लेव्कोला वीट आला होता. त्या बरोबरीच्या अर्ध्या गुणाने ग्रँडमास्टर किताबाची अट पुरी झाली. पुढे तो अर्धं जग फिरून खेळला. पण लोकांना आठवायचा तो एवढाच डाव.

"स्तेफावहिनी, रागावू नका," अध्यक्ष झेनोवी मधातले गहू चिवडत म्हणाले, "पण क्लबच्या स्पर्धेला मिरोनचं नाव कसं द्यायचं? डाव सकाळपर्यंत थांबलेला. लेव्कोची पुढची चाल पाकिटात बंद, पंचांच्या ताब्यात. पाकीट फोडायचं आणि अजिंक्यपद घ्यायचं. तर हा मिरोन समोरच्या खेळाडूला जाऊन भेटतो नि बरोबरी ठरवून येतो!"

"काही कारण असेल हो," मास्तरांच्या पत्नी स्तेफा हळूच म्हणाल्या.

"कारण कसलं? भित्रेपणा! बंद चाल नियमाबाहेरची निघाली तरच डाव जातो. लेव्को काय नवशिका होता? सांग रे, काय लिहिलं होतंस?"

"हत्ती सातव्या ओळीत," लेव्को वैतागून म्हणाला. "प्रत्येक मुलाखतीत सांगितलंय. आता किती वेळा सांगू?"

स्तेफा उठल्या. कोपऱ्यातल्या संत मिकोलाच्या तसबिरीला त्यांनी हात जोडले आणि भरतकामाच्या रुमालामागून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं.

"हे म्हणाले होते, कुणी फारच खोदून विचारलं तर एवढं पुढे ठेव. आत काय आहे, देवाला ठाऊक."

"अरे, पंचांचं पाकीट! बरोबरी झाल्यावर कुणी फोडलंच नव्हतं, मिरोनने आठवण म्हणून मागून घेतलं होतं," झेनोवी म्हणाले.

लेव्कोचा चमचा थांबला. "राहू द्या ना. आजच्या दिवशी तरी."

"वेडा आहेस का? तुझ्याच बाजूचा पुरावा हा!"

लेव्कोने मान फिरवली. समोर खारवलेल्या काकड्यांची बरणी होती. तिच्यावर मास्तरांनी जांभळ्या शाईने तारीख घातली होती. तो ती तारीखच वाचत राहिला.

झेनोवींनी पाकीट फाडलं, चष्मा वर सरकवला.

"हत्ती सातव्या ओळीत!"

टेबलाभोवती एकच गलका झाला. कुणी लेव्कोच्या पाठीवर थाप मारली. स्तेफांनी मान खाली घातली.

"संपलं, वहिनी," झेनोवी म्हणाले. "आता नावाचा विषय काढू नका."

चिठ्ठी हातोहात फिरत लेव्कोपाशी आली. जांभळी शाई.

त्याने स्वतः लिहिली होती ती राजाची चाल होती. थेट उंटाच्या माऱ्यात, नियमाबाहेरची. डाव थांबला त्याच संध्याकाळी जिन्यात रडत रडत त्याने ती मास्तरांना सांगितली होती आणि शब्द दिला होता, "किताब मिळाला की सगळ्यांना खरं सांगेन."

लेव्कोने चिठ्ठीची घडी घातली, खुर्ची मागे सारली आणि तो उभा राहिला.