शर्वरीची जन्मतारीख

"गुरुजी, तारीख एक जूनच लिहा. पूर्वी सगळ्यांची तीच लिहायचे ना?" शर्वरीची आई जन्मदाखला मुठीत आवळून उभी होती.

"ताई, ते दिवस गेले. आता दाखल्यावरचीच लिहावी लागते." पहिलीत येणाऱ्या शर्वरीला मी जवळ घेतलं. "वाढदिवस कधी असतो गं तुझा?"

"सव्वीस अकरा!" ती ठसक्यात म्हणाली. "सगळ्या देशाला माहितीये. टीव्हीवर माझ्यासाठी किती मेणबत्त्या लावतात! पोलीससुद्धा सलाम करतात."

माझं पेन थांबलं. आईनं तिला घसरगुंडीकडे पिटाळलं आणि हळूच म्हणाली, "ही मुंबईत जन्मली, त्याच रात्री हल्ल्यात हिचे वडील गेले. बोटीवर नोकरीला आहेत, असं सांगितलंय तिला. गुरुजी, हा धडा कितवीला असतो?"

"अजून बरीच वर्षं आहेत, ताई," म्हणत मी तारीख लिहिली. तोवर शर्वरी बाहेर दिसेल त्याला वाढदिवसाचं आमंत्रण देत सुटली होती.

मग खिडकीतून सातवीतल्या एका मुलीचा आवाज आला, "अगं, त्या दिवशी काय झालं होतं, तुला घरी कुणी सांगितलंच नाही?"