देवीलालचा हात

“उठा मास्तर. तुमच्यानं नाही व्हायचं हे.”

देवीलालनं पुंडलिकराव मास्तरांच्या कानावरचे हेडफोन ओढून काढले आणि स्वतः खुर्चीत बसला. १९५९च्या पुरात पुसदच्या तारायंत्राच्या तारा तुटल्या होत्या. गावात हौशी रेडिओचा परवाना असलेली ही दोनच माणसं. म्हणून तहसीलदारानं यवतमाळहून येणारे निरोप उतरवायचं काम त्यांना दिलं होतं. सेट देवीलालच्या घरी होता. सकाळपासून मास्तरांनी पेन्सिलीनं जेमतेम दोन निरोप उतरवले होते, तेही यवतमाळच्या माणसाला पुन्हा पुन्हा थांबवून.

“भीक मागून राह्यले काय त्याले?” देवीलाल म्हणाला.

पलटणीत त्यानं वर्षानुवर्षं मोर्सची टिकटिक ऐकून टाइप केली होती. मंद हाताच्या माणसाला तो माणसात धरत नसे. यवतमाळला त्यानं भरधाव पाठवायला सांगितलं, आणि टाइपरायटर धडधडू लागला. कागदाकडे तो बघतही नव्हता. मास्तरांकडे बघून हसत होता.

“असं घेतात! तुमी आधी समजून घेता, मंग लिहिता. म्हणून मागं राहता. कानातून आलं, बोटातून गेलं. डोस्क्याचं काय काम मधात?”

आतल्या खोलीत त्याची बायको मोतीबाई पूरग्रस्तांसाठी भाकरी थापत होती. तिलाही ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं तो बोलत होता. एकेक निरोप झाला की कागद ओढून मास्तरांच्या अंगावर फेकत होता.

“पत्ते पाहून वेगळे करा. तेवढं तरी येते ना?”

मास्तर खाली वाकून कागद गोळा करत राहिले. एका कागदावर मात्र त्यांचा हात थांबला.

“काय झालं? छापलेला पत्ताही वाचता येत नाही काय, मास्तर?”

“वाचला,” मास्तर हळूच म्हणाले. “हा कुठं न्यायचा नाही, देवीलालभाऊ. इथलाच हाय.”

देवीलालनं कागद हिसकावला. एकाही अक्षराची चूक नव्हती. मारेगावजवळ नाल्यात ट्रक वाहून गेला. ड्रायव्हर लखीराम देवीलाल राठोड, राहणार पुसद, याचं प्रेत सापडलं. घरी कळवावं.

लखीराम देवीलालचा एकुलता एक मुलगा. त्याचं मरण त्यानं हसत हसत टाइप केलं होतं.

हसणं बंद झालेलं मोतीबाईला आत कळलं असावं. पिठाचे हात घेऊन ती दारात आली.

“कोनाचं काय आलं जी?”

कानावरच्या हेडफोनमध्ये यवतमाळचा पुढचा निरोप सुरू झाला होता, आणि देवीलाल बायकोच्या तोंडाकडे बघत असतानाच त्याची बोटं तो निरोप उतरवू लागली होती.