गुलाबी कूलंट

जुनी हायब्रिड गाडी पुन्हा चालू झाली, तर बापाच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: आजारी लेकीला वेळेवर इस्पितळात नेता येणार होतं. एरवी त्या गाडीत कौतुकासारखं काही उरलं नव्हतं.

इंजिन उघडून पुन्हा बसवल्यावर मिस्त्रीने बजावलं, "आत अडकलेली हवा निघेल, तसं बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते गुलाबी पाणी, खाली जाईल. इंजिन गार असताना रोज बघा आणि कमी झालं की भरा."

पहिल्या सकाळी कूलंट खाली गेलं नव्हतं, उलट चढलं होतं.

"बघ, गाडी आपलं आपण भागवतेय," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या भावापेक्षा बरी."

"माझ्या भावाचं राहू द्या. पोरीला पाणी द्या आधी. रात्रभर पितेय, तरी ओठ सुकलेत."

दुसऱ्या सकाळी लेकीला उभंही राहवेना. त्याने तिला उचलून मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजवलं आणि निघण्याआधी सवयीने बॉनेट उघडलं. कूलंट बाटलीच्या गळ्याशी आलं होतं.

"अहो, ही रडतेय," मागून बायको ओरडली, "पण डोळ्यांत पाणीच नाही!"

लेकीने हुंदका दिला. त्याच्या डोळ्यांदेखत कूलंट बोटभर चढलं.

"रडू नकोस, राणी," बॉनेटमागून तो काकुळतीने म्हणाला. "हात जोडतो तुला."

तिने आणखी एक हुंदका दिला. घट्ट झाकणाखालून गुलाबी थेंब ओघळला.

बापाला कूलंट भरावंच लागलं नव्हतं. लेक भरत होती.