परीच्या कपाळावरचा खळगा

इंदुताईंच्या टेबलावर मेणाच्या पऱ्या ओळीने उभ्या होत्या आणि एकूण एक परीच्या कपाळाला खळगा होता.

धरमपेठेतल्या महिला मंडळाचं प्रदर्शन. कौसल्या आपलं टेबल सोडून इथे येऊन उभी राहिली. तिच्याकडेही पऱ्याच होत्या, शिवाय एक उडता घोडा आणि एक राक्षस. राक्षसाला खसाचा वास होता. राक्षसांना नेमका कशाचा वास येतो याची खात्रीशीर माहिती न मिळाल्यामुळे तो तिने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवला होता. पऱ्यांना संत्र्याचा. काटोलच्या संत्र्यांची सालं सावलीत वाळवून ती तेलात मुरवी. साचा तिला ठाऊक नव्हता. मधमाशीचं मेण, सुताची वात, भाजीची सुरी आणि केसातला आकडा, एवढ्यावर परी होई. त्यामुळे एकीचं नाक दुसरीला नसे.

"हुबेहूब जमल्या," कौसल्या म्हणाली.

"जमल्या ना? बसल्या बसल्या सुचलं," इंदुताई म्हणाल्या. "तू काही मनात आणू नको वं. पऱ्या काय कोणाच्या एकटीच्या राहतात?"

"वासही संत्र्याचाच सुचला?"

"नागपुरात दुसरा कोणता वास राहते?"



बर्डीवरचे दुकानदार मारोतराव दोन्हीकडची एकेक परी हातात धरून उभे होते. दुकानात कोणाच्या पऱ्या ठेवायच्या, ते आज ठरवणार होते. त्यासाठी कौसल्या हिवाळाभर शेगडीपुढे बसली होती.

"तुमच्या सगळ्या निराळ्या आहेत, बाई," ते तिला म्हणाले. "ह्यांच्या एकसारख्या. गिऱ्हाइकाले एकसारखा माल लागते." मग इंदुताईंच्या परीच्या कपाळावर त्यांनी बोट टेकवलं. "हे काय आहे जी?"

"डिझाइन," इंदुताई म्हणाल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कौसल्याने इंदुताईंना वाण म्हणून एक परी दिली होती. दुपारीच केलेली, अजून मऊ. आधी इंदुताईंना कुंकू लावलं, मग कौतुकाच्या भरात परीलाही. बोट रुतलं. ती दुसरी परी आणायला निघाली, तर इंदुताईंनी हात धरला. "राहू दे वं. तुयं बोट आहे त्यात. हे मी कधीच पेटवणार नाही."

शब्द त्यांनी पाळला होता. पेटवली असती, तर साचा कशावरून काढला असता?

"तर मग ह्याच पाठवा," मारोतराव इंदुताईंना म्हणाले.

कौसल्या दारापाशी गेली आणि स्वागताच्या टेबलावरचा कुंकवाचा करंडा घेऊन परत आली.

"काय करून राहिली वं?" इंदुताईंनी विचारलं.

"डिझाइन अर्धं राहिलं. पुरं करून देते."

तिने बोट कुंकवात बुडवलं आणि पहिल्या परीच्या कपाळावर टेकवलं. ते खळग्यात नखापर्यंत बरोबर बसलं. दुसरीला बसलं. तिसरीलाही. मारोतराव कधी बोटाकडे बघत होते, कधी इंदुताईंकडे. हॉलमधल्या बायका जवळ आल्या. कौसल्या एकेक परी करत ओळीच्या टोकाशी पोचली. ओळीच्या टोकाशी इंदुताई उभ्या होत्या.

त्यांनी सवयीने डोक्यावरून पदर घेतला आणि कपाळ पुढे केलं.

कौसल्याने करंड्याचं झाकण लावलं.