उंबऱ्याची झीज

नव्या चॅपेलमध्ये दहा बाकं, चार बंद खिडक्या, एक दार आणि दाराखाली एक दगडी उंबरा होता. जुनं चॅपेल साठ वर्षांपूर्वी पुरात वाहून गेलं. त्याचा फक्त उंबरा सापडला, पावलांनी झिजून एकतीस मिलिमीटर खोल झालेला.

नवा उंबरा माझ्या मामांनी घडवला. चॅपेल रविवारी उघडायचं होतं, आणि दगड आत्ताच नऊ मिलिमीटर झिजला होता.

“लोक म्हणतात, पाथरवटाने जुना दगड खपवला,” मामा म्हणाले. “चाळीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं. एवढी शिकलीस, मोजून तरी सांग!”

“झिजायला कोणी चालायला हवं ना, मामा?”

“तेच तर! अजून चिटपाखरूसुद्धा आत गेलेलं नाही.”

मामांनी माझ्यासमोर तो उंबरा काढून दुसरा कोरा दगड बसवला. मी पट्टी आडवी टेकवून पाहिली: खोली शून्य. आत कोणी नाही हे पाहून मी दाराला कुलूप लावलं, आणि आम्ही बाहेर पायरीवर चहा घेत बसलो. किल्ली माझ्या मुठीत होती.

तासाभराने मी दार उघडून पुन्हा मोजलं.

उंबऱ्याचा दाराबाहेरचा भाग: शून्य. दाराआतला भाग: एकतीस मिलिमीटर.