जुन्या रोपाचं पाणी

उत्कर्षाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आबांनी नेरूळच्या फ्लॅटच्या गॅलरीत मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा केला होता. आत भेंडीचं रोप आणि पानांमागे रस शोषणारे पंधरा-वीस इवले हिरवे किडे, तुडतुडे. आईबाप गेल्यापासून ही दहा वर्षांची नात आबांपाशीच होती.

“आबा, आत्याच्या स्कूटीसारखे तिरके पळतात बघा हे! भेंडी पिवळी पडली. उचलून नव्या रोपावर सोडू?”

“अगं, पाय मोडतील त्यांचे. नवं रोप शेजारी टेकवून ठेव अन् जुन्याचं पाणी बंद कर. रस आटला की जातील आपणहून. घर कधी बदललं ते कळतसुद्धा नाही त्यांना.”

डॉक्टरांनी आबांना फार दिवस उरले नसल्याचं सांगितलं होतं. नातीला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त खारघरला आत्याकडे पाठवत होते. आधी रविवारपुरती, आता शनिवारपासूनच.

त्या शनिवारी बॅग भरून त्यांनी हाक मारली. उत्कर्षा गॅलरीत वाळक्या भेंडीला तांब्याने पाणी घालत होती.

“कळतं त्यांना, आबा,” मान वर न करता ती म्हणाली. “मी नाही जायची आत्याकडे.”