बाबाजी मिस्त्रींचे हात

तिसरा सांधाही निखळला आणि पाणी थेट बाबाजी मिस्त्रींच्या लेंग्यावर उडालं.

"चौथाही सुटला तर नापास," मिस्त्री लेंगा पिळत म्हणाले.

कालिंदीला रडू फुटायचंच बाकी होतं. प्लंबिंगच्या ऑनलाइन परीक्षेत ती जिल्ह्यात पहिली आली होती. सहा आठवडे तिनं प्रशिक्षण संस्थेचे शिकवणारे हातमोजे घातले; त्यांत बाबाजी मिस्त्रींच्या हातांची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड केलेली होती, आणि खुद्द त्यांचे हात तिच्या हातांत उतरले. पकड त्यांची, पाइप कापायची ढब त्यांची, मधेच कान खाजवणंही त्यांचंच. आता प्रत्यक्ष कामाची परीक्षा घ्यायलाही तेच आले होते.

"जोड परत. बघू, माझं कुठं चुकतंय."

तिनं पाइप कापला, चिकटवायचं सोल्युशन लावलं, सांधा दाबून बसवला. लगेच हात आपसूक कॉककडे गेला.

"थांब! तंबाखू कुठाय?"

"तुमच्या खिशात असेल, काका."

"तसं नव्हे गं. सांधा बसवला की मी पाच मिनिटं तंबाखू मळतो, मगच पाणी सोडतो."

"ते संस्थेनं रेकॉर्डिंगमधून कापलं. व्यसनाचा प्रसार नको म्हणून."

मिस्त्री सांध्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तेवढ्यात सोल्युशन सुकत होतं होय! चाळीस वर्षं मला वाटायचं, आपल्या हाताला गुण आहे."

कालिंदीनं पाच मिनिटं रिकामा तळहात मळला आणि कॉक उघडला. थेंबही गळला नाही.

मिस्त्रींनी 'पास' लिहून सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तंबाखू उत्तम मळते.'